लॅम्बोची रांग आणि लँडओव्हरच्या रिकाम्या खुर्च्या

बारीकसारीक

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय इथल्या अनेकांना परका वाटेल, पण अमेरिकेतले मिसळपावकर-मायबोलीकर सांभाळून घेतील.

मिलवॉकीत येऊन चौदा वर्षं झाली. पहिली पाच-सहा वर्षं अमेरिकन फुटबॉलबद्दल माझं मत 'हेल्मेट घालून धक्काबुक्की, मधेमधे जाहिराती' एवढंच होतं. मग एका नोव्हेंबरात शेजारच्या आजोबांनी जवळपास बळंच गाडीत घातलं आणि ग्रीन बेला नेलं. दोन तासांचा रस्ता. लॅम्बो फील्डवर बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत, ॲल्युमिनियमचे बाक आहेत. बुडाखाली एक आणि बुटांखाली एक असे दोन पुठ्ठे घ्यायचे, हे आजोबांनी निघतानाच बजावलं होतं. मी हसलो होतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तळपायाची जाणीव गेल्यावर हसू ओसरलं.

हे आठवायचं कारण म्हणजे ऑफिसातला वाद. एका सहकाऱ्याचं म्हणणं, आता घरोघरी भिंतीएवढे टीव्ही आलेत, स्टेडियमला जाणार कोण? दहा वर्षांत एनएफएलची (म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगची) मैदानं ओस पडतील. मला ते पटलं होतं. मग आकडे बघितले आणि उताणा पडलो.

गेली वीस वर्षं (कोविडचं वर्ष वगळून) एका सामन्याची सरासरी गर्दी साधारण ६६ ते ६९ हजारांत फिरतेय. २००७ मध्ये हंगामाची एकूण गर्दी १ कोटी ७३ लाखांच्या आसपास होती. २००८ च्या मंदीनंतर थोडी उतरली, मग पुन्हा चढली. २०२१ पासून हंगाम १६ ऐवजी १७ सामन्यांचा झाला, त्यामुळे एकूण आकडा आता पावणेदोन कोटींच्याही वर गेलाय. एवढ्या काळात फोन आले, फॅन्टसी लीग आल्या, रविवारचे सगळे सामने एकाच पडद्यावर उड्या मारत दाखवणारं चॅनेल आलं. सरासरी तिथल्या तिथे.

टीव्हीची भीती मात्र आजची नाही. १९५० मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी आपले घरच्या मैदानावरचे सामने टीव्हीवर दाखवायचं ठरवलं. प्रायोजक होती टीव्हीसंच बनवणारी ॲडमिरल कंपनी, आणि गर्दी कमी झाली तर तूट भरून द्यायची तिने कबूल केलं होतं. आदल्या वर्षी २ लाखांवर लोक आले होते. १९५० मध्ये आले १ लाख १० हजार. संघ चांगला खेळत असताना! ॲडमिरलला तीन लाख डॉलरच्या वर मोजावे लागले. पुढच्या वर्षी प्रक्षेपण बंद केलं, लोक परत आले. लीगचे तेव्हाचे प्रमुख बर्ट बेल यांना हवा तो पुरावा मिळाला, आणि सामना ज्या गावात, त्या गावात टीव्ही बंद, हा नियम घट्ट झाला. पुढे हॉटेलचालकांचा धंदा झाला. लोक शंभर मैल गाडी हाकत दुसऱ्या शहराच्या टप्प्यात जायचे आणि मोटेलची खोली घेऊन आपल्याच गावातला सामना बघायचे. १९६७ चा पहिला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामनासुद्धा लॉस एंजेलिसमध्ये दिसला नाही. तरी ९० हजारांवर माणसं मावणाऱ्या कोलिझियममध्ये आली ६१,९४६. सुपर बोल, आणि एक तृतीयांश जागा रिकाम्या!

१९७३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला: सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं संपली तर गावातही प्रक्षेपण करा. (वॉशिंग्टनच्या राजकारण्यांना स्वतःच्या संघाचे सामने बघता येत नव्हते, हे त्या तत्परतेमागचं कारण असं म्हणतात. निक्सनसाहेब स्वतः पक्के शौकीन.) हा बहात्तर तासांचा काटा चाळीस वर्षं चालला. २०१२ मध्ये ८५ टक्के तिकिटांवर भागवायची सवलत आली, सप्टेंबर २०१४ मध्ये एफसीसी या सरकारी आयोगाने आपला नियमच काढून टाकला, २०१५ पासून लीगनेही अंमल थांबवला.

आणि काय झालं? काहीच नाही. १९५० मध्ये जी गर्दी अर्ध्यावर आली होती, ती २०१५ मध्ये जागची हलली नाही. म्हणजे टीव्हीने मैदान मारलं नाही. मग काही बदललंच नाही का?

मला वाटतं बदललाय तो खुर्चीतला माणूस. आजोबांकडे 'गोल्ड पॅकेज' होतं. ग्रीन बेचा संघ पॅकर्स १९९४ पर्यंत काही सामने मिलवॉकीत खेळत असे. ते बंद झाले तेव्हा इथल्या जुन्या तिकीटधारकांना ग्रीन बेचे ठरावीक सामने वाटून दिले, ते हे पॅकेज. आजोबा गिरणीत फोरमन होते. त्या पगारात आज कोणी नव्याने सीझन तिकीट घेऊ शकेल का? मला शंका आहे. ६९ हजार माणसं येतात खरी, पण ती कोण आणि कशाला, हा आकडा सांगत नाही. तुमचे अनुभव लिहा.

---

फोडणीचा_भात

पहिला! :)

लेख मस्त. एक मूलभूत शंका. हे ६९ हजार मोजतात कसे? विकलेली तिकिटं की आत आलेली मुंडकी? आपल्याकडे रणजीच्या सामन्याला वानखेडेवर बसलेली माणसं मी स्वतः बोटांवर मोजलीत. तिकीटच नसतं, त्यामुळे खोटं बोलायचीही सोय नाही.

---

बारीकसारीक

@फोडणीचा_भात, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. लीगचा जाहीर आकडा साधारणपणे वाटलेल्या तिकिटांचा असतो, दारातून आत गेलेल्या माणसांचा नाही. तिकीट घेऊन न आलेल्यांना इथे 'नो-शो' म्हणतात. १९७३ चा कायदा झाल्यावर लीगने पहिली ओरड याचीच केली होती: तिकिटं विकली जातात, पण पाऊस दिसला की लोक घरीच बसतात, कारण आता सामना टीव्हीवर दिसतो! आत न आलेला माणूस हॉट डॉगही घेत नाही आणि पार्किंगचे पैसेही देत नाही.

सर्वात मोठी थाप ऑगस्टमधल्या सराव सामन्यांची. सीझन तिकीट घेणाऱ्याच्या गळ्यात ती तिकिटंही मारली जातात, म्हणून कागदावर मैदान भरलेलं. प्रत्यक्षात बाक तापत पडलेले.

---

पोटोमॅककाठी

लँडओव्हरच्या खुर्च्या शीर्षकात आल्या म्हणून लिहायला बसलो. मी वॉशिंग्टनवाला, पंचवीस वर्षं.

आमच्या संघाची कथा तुमच्या पॅकर्सच्या बरोब्बर उलटी. जुनं आरएफके स्टेडियम शहरात होतं, पंचावन्न हजारांचं. १९६०च्या दशकापासून हाउसफुल्ल. तिकीट मृत्युपत्रात लिहायचे, घटस्फोटात त्यावरून भांडायचे. मग १९९७ मध्ये मेरीलँडमध्ये लँडओव्हरला नवं मैदान बांधलं आणि ते वाढवत वाढवत ९१ हजारांपर्यंत नेलं. लीगमधलं सर्वात मोठं, म्हणून केवढी मिजास! मेट्रोचं स्टेशन मैलभर लांब. संघ वर्षानुवर्षं हरणारा. मालक डॅन स्नायडर यांच्याबद्दल लोकांचं मत काय होतं ते इथे लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील.

मग उलटी गंगा सुरू झाली. खुर्च्या काढायला लागले. आधी वरच्या मजल्यावरच्या काही रांगा, मग आणखी. ९१ हजारांचं मैदान साठ-पासष्ट हजारांवर आलं. खुर्च्याच काढल्या की रिकाम्या दिसत नाहीत! २०१८ च्या घरच्या पहिल्या सामन्याला ५७ हजार लोक आले आणि पन्नास वर्षांची 'हाउसफुल्ल'ची परंपरा अधिकृतपणे संपली. खरी कधीच संपली होती. २०२२ मध्ये लीगच्या गर्दीच्या यादीत आम्ही तळाला. २०२३ मध्ये संघ विकला गेला, ६०५ कोटी डॉलरला, आणि एकही चेंडू न टाकता सीझन तिकिटं खपायला लागली. माझ्या मते गर्दीच्या आलेखांत 'मालक बदलला' असा वेगळा स्तंभ पाहिजे.

आता नवं स्टेडियम पुन्हा आरएफकेच्या जुन्या जागी, शहरात बांधायचं ठरलंय. तीस वर्षांत वळसा घालून मूळ पदावर.

---

उन्हाळी_सुट्टी

माझं मत थोडं वेगळं आहे. न जाणाऱ्यांबद्दल एवढं हळहळायचं कशाला? आम्ही सांता क्लाराला चौघं गेलो होतो, एकदाच. तिकिटं, पार्किंग, मुलांचं खाणं धरून जो आकडा झाला त्यात आम्ही लेक टाहोला तीन दिवस राहून आलो असतो. (नवऱ्याने आकडा लिहू नकोस म्हणून सांगितलंय.)

आणि खरं सांगू? टीव्हीवर जास्त कळतं. पहिल्या डाऊनची पिवळी रेघ (चेंडू कुठवर न्यायचा ते दाखवणारी) टीव्हीवर दिसते, मैदानावर नसते! १९९८ पासून ती पडद्यावर आहे, त्यामुळे माझ्या मुलांना ती खरोखर गवतावर रंगवलेली वाटायची. मैदानात गेल्यावर धाकटा रडकुंडीला आला, "रेघ कुठाय?" सव्वातीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो अकराएक मिनिटं, हे लोकांनी घड्याळ लावून मोजलंय. उरलेल्या वेळात घरी रिप्ले असतात. मैदानात बाजूला एक माणूस जाहिराती संपेपर्यंत खेळ थांबवून धरतो, आणि आपण बावीस जणांना उभं राहिलेलं बघतो.

तिथल्या लीव्हाइज स्टेडियमच्या पूर्वेकडच्या बाजूला सप्टेंबरात असं ऊन येतं की मध्यंतरानंतर माणसं आतल्या सावलीत जाऊन टीव्हीवर सामना बघतात. महागड्या तिकिटाच्या लाल खुर्च्या टीव्हीवर रिकाम्या दिसतात, हा तिथला जुनाच विनोद आहे.

---

शंकेखोर

उन्हाळीताई, पिवळ्या रेघेला +१.

बारीकसारीक यांचा रोख मला असा वाटला की प्रेक्षक आता टीव्हीच्या सेटची सजावट झालाय. पैशाकडे बघितलं तर खरं आहे. २०२१ मधले प्रक्षेपणाचे करार अकरा वर्षांचे, ११० अब्ज डॉलरच्या घरातले. ते सगळ्या ३२ संघांत सारखे वाटले जातात. पॅकर्स हा एकच संघ सामान्य भागधारकांच्या मालकीचा, म्हणून त्यांचे हिशेब जाहीर होतात. त्यात लीगकडून येणारा वाटा वर्षाला ४० कोटी डॉलरच्या वर दिसतो, एकही तिकीट न विकता. शिवाय गेटचा पैसासुद्धा पूर्ण यजमानाचा नाही, ३४ टक्के पाहुण्यांच्या सामाईक गल्ल्यात जातो.

पण सजावट काढून बघितली होती की! २०२०. अख्ख्या हंगामात मिळून सुमारे १२ लाख माणसं मैदानात. टीव्हीवर कृत्रिम गलका वाजवायचे. टँपाच्या सुपर बोलला २४,८३५ माणसं आणि ३० हजार पुठ्ठ्याचे पुतळे. (तुमचे पुठ्ठे वेगळे!) आणि निकाल? यजमान संघांनी १२७ सामने जिंकले, १२८ हरले, एक बरोबरीत. लीगच्या इतिहासात यजमान पहिल्यांदाच तोट्यात. म्हणजे ओरडणाऱ्या माणसाचं खेळात काहीतरी वजन आहे. तो गेला की पाहुण्या क्वार्टरबॅकला (चाल सांगून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) आपल्या गड्यांशी शांतपणे बोलता येतं.

---

डांबरट

ओरडतो तो कोणाच्या बाजूने, हे पण विचारा.

मी लॉस एंजेलिसचा. २०१७ मध्ये चार्जर्स हा संघ सॅन डिएगो सोडून इथे आला. स्टेडियम तयार नव्हतं म्हणून तीन वर्षं कार्सनला, २७ हजारांच्या सॉकरच्या मैदानात खेळला. एनएफएलच्या मानाने ते म्हणजे गल्ली. तेही भरायचं पाहुण्यांच्या रंगांनी. आता पाच अब्ज डॉलरच्या सोफाय स्टेडियमात परिस्थिती सुधारली, पण फार नाही. घरच्या मैदानावर घरच्या क्वार्टरबॅकला गलक्यामुळे खाणाखुणा कराव्या लागतात!

रॅम्सचीही तीच गत झाली. जानेवारी २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी-नायनर्सविरुद्ध उपांत्य सामना होता, तेव्हा सुरुवातीला तिकिटं फक्त लॉस एंजेलिस परिसरातल्या पत्त्यांना विकायची अट घातली होती. तीनच आठवड्यांपूर्वी याच पाहुण्यांनी स्टेडियम लाल करून टाकलं होतं ना. लास व्हेगासला तर रेडर्सचं मैदान म्हणजे इतर ३१ संघांच्या चाहत्यांची सहल. सीझन तिकीटवाला दोन सामने बघतो, उरलेले फोनवरून विकतो, आणि त्यात स्वतःचा खर्च काढतो. आकडा: हाउसफुल्ल. बारीकसारीक म्हणतात तसा खुर्चीतला माणूस बदललाय, आमच्याकडे तर दर रविवारी बदलतो.

---

बारीकसारीक

@शंकेखोर, @डांबरट, दोघांचे प्रतिसाद वाचून माझं मत जरा दुरुस्त करतो. प्रेक्षक सजावट नाही, पण मालकाच्या हिशेबात तो आता संख्येने मोजला जात नाही, दरडोई मोजला जातो. गेटचा पैसा वाटावा लागतो, पण आलिशान सूटच्या भाड्याचा बराचसा भाग, खुर्चीच्या हक्काचे पैसे, हे वाटणीबाहेर राहतं. म्हणून वरच्या मजल्यावरचे दहा हजार फाटके शौकीन काढून तिथे शंभर काचेच्या खोल्या करणं परवडतं. जॅक्सनव्हिलने २००५ मध्येच वरच्या हजारो खुर्च्यांवर ताडपत्री टाकली होती. पुढे ओकलंडनेही. तेव्हा ती लाज वाटायची. आता नवी मैदानं मुळातच लहान बांधतात, आणि त्याला 'जवळून अनुभव' म्हणतात.

अपवाद डॅलस. तिथे संघमालक जेरी जोन्सनी २००९ मध्ये उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं काढली आणि पहिल्याच सामन्याला १,०५,१२१ माणसं घेतली. सरासरी अजून नव्वद हजारांच्या वर. मात्र उभी असलेली बरीच जण छताला टांगलेल्या १६० फुटी पडद्यावरच सामना बघतात, म्हणजे उन्हाळीताईंचा मुद्दा तिथेही आलाच.

---

हिमगौरीचा_आठवा_बुटका

बफलोकडून बर्फाळ नमस्कार!

आमच्याकडे सामन्याच्या आदल्या रात्री चार फूट बर्फ पडलं की संघ जाहीर करतो: फावडं घेऊन या, तासाला २० डॉलर आणि जेवण. मी एकदा गेलोय. रात्री दोनला. सोबत एक शाळामास्तर, दोन ट्रकवाले आणि एक बाई, तिच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता म्हणे आणि नवरा पलीकडच्या रांगेत बर्फ उपसत होता. पाठीचं जे झालं ते झालं, पण खुर्ची उपसून काढल्यावर तिचा नंबर दिसतो तेव्हा आपल्या मालकीची वाटते.

आता नवं स्टेडियम आलंय रस्त्यापलीकडे. जुनं ७१ हजारांच्या वरचं, नवं ६२ हजारांच्या आसपास. राज्याने आणि काउंटीने मिळून ८५ कोटी डॉलर दिले, म्हणजे कर आमचा. आणि खुर्ची घ्यायची तर आधी 'खुर्ची घेण्याचा हक्क' विकत घ्यायचा, मग दरवर्षी तिकीट. आमच्या बर्फ गटातले ट्रकवाले म्हणाले, आता फावडं नेलं तरच आत जाता येईल.

---

म्युनिकचा_जावई

अवांतर, पण गर्दीचाच मुद्दा. तुमच्याकडे खुर्च्या कमी करतायत, इकडे आम्हाला मिळत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये म्युनिकला पहिला सामना झाला, टँपा आणि सिॲटलचा. ६९,८११ प्रेक्षक. ऑनलाइन रांगेत माझा नंबर काही लाखांत होता, अर्थातच मिळालं नाही. बायकोच्या भावाला मिळालं. तो सांगतो, अंगावर बत्तीसच्या बत्तीस संघांच्या जर्सी होत्या, जिंकलं कोण याची कोणाला फिकीर नव्हती, आणि शेवटी अख्खं स्टेडियम गात होतं. लीगसाठी हे लोणी आहे. २००५ मध्ये मेक्सिको सिटीत लाखाच्या वर माणसं आली होती, तेव्हापासून तोंडाला चव लागलीय.

---

मधली_सुट्टी

सेंट लुईसबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? रॅम्स मधली काही वर्षं आमच्याकडे होते, २०१६ मध्ये आम्हाला सोडून परत लॉस एंजेलिसला गेले. जायच्या आधी म्हणे, "गावात चाहतेच नाहीत." शहराने खटला भरला, २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आणि आता वसंतात यूएफएल नावाची दुय्यम लीग चालते, तिच्यात बाकीच्या गावांना दहा-बारा हजार माणसं जमवताना घाम फुटतो. आमच्या बॅटलहॉक्सना २०२४ च्या घरच्या पहिल्या सामन्याला ४० हजार आले. त्याच घुमटात, जिथे 'चाहते नव्हते'.

---

शंकेखोर

बारीकसारीक, एक राहिलं. तुमच्या ग्रीन बेलाही एकदा तिकिटं उरली होती ना? प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला?

---

बारीकसारीक

जखमेवर मीठ! :) हो. जानेवारी २०१४, फोर्टी-नायनर्सविरुद्ध. लॅम्बो १९६० पासून हाउसफुल्ल, सीझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत १ लाख ४० हजारांवर नावं, गावाची लोकसंख्या १ लाख ७ हजार. म्हणजे गावापेक्षा रांग मोठी. तरी त्या आठवड्यात हजारो तिकिटं शिल्लक, कारण थंडी शून्याखाली पंधराच्या आसपास आणि प्लेऑफच्या तिकिटांचे पैसे वेगळे भरायचे होते. बहात्तर तासांचा काटा वाढवून घ्यावा लागला. त्याच वेळी सिनसिनाटी आणि इंडियानापोलिसलाही हीच पंचाईत. शेवटी कंपन्यांनी उरलेली तिकिटं उचलली आणि प्रक्षेपण वाचलं. नसती उचलली तर इंडियानापोलिसकरांना आपल्या संघाने २८ गुणांची पिछाडी भरून ४५-४४ ने जिंकलेला सामना घरी दिसला नसता! आमचा संघ हरला, २३-२०. शेजारचे आजोबा त्या दिवशी मैदानात होते. परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

ते चार वर्षांपूर्वी गेले. पॅकेज मुलाच्या नावावर झालं. त्याने मला विचारलं, लेकीचं नाव यादीत टाकलंस का? इथे मूल जन्मलं की दाखल्यासोबत यादीत नाव टाकणारे आईबाप आहेत. आमची बारा वर्षांची, म्हणजे उशीरच झाला. टाकलं. तिला या खेळात काडीचा रस नाही.

---

फोडणीचा_भात

ऑगस्टात भावाकडे शिकागोला येतोय. तो म्हणतो ग्रीन बे साडेतीन तासांवर आहे. तुमचे ते थापाडे सराव सामने असतात, त्याचं एखादं तिकीट परवडेल का? आधीच सांगतो, मला नियम येत नाहीत.

---

बारीकसारीक

परवडेल, या. कोणीतरी विकतच असतं. मला व्यक्तिगत निरोप करा, वाटेत मिलवॉकीला जेवून आपण बरोबरच जाऊ. पुठ्ठा लागणार नाही, टोपी आणा.